गहूं कोणीं वर्ज्य करावा आणि कां?

गेल्या वैशाखांत एका स्नेह्यांच्या घरीं मुंजीच्या पंगतीस बसण्याचा योग आला होता. आमच्या उजव्या हातास बसलेल्या एका बाईंनीं पोळी वाढावयास आलेल्या मुलास हातानेंच थांबविलें, आणि "मीं ग्लुटेन सोडलें आहे," असें कांहींशा अभिमानानें सांगितलें. वजन उतरविण्यासाठीं महिन्यापूर्वीं त्यांनीं हा नेम धरला होता. पुढें गुलाबजाम आले तेव्हां मात्र त्यांनीं दोन घेतले. गुलाबजामांत मैदा असतो ही गोष्ट त्यांच्या गांवींहि नव्हती. डाव्या हातास त्याच घरची अकरा वर्षांची भाची आपला स्वतःचा डबा उघडून बसली होती. डब्यांत ज्वारीची भाकरी, बटाट्याची भाजी व लिंबाची फोड एवढेंच होतें. आमटीहि तिनें घेतली नाहीं. "अग, आमटींत कुठला आला गहूं? घे चार थेंब," असा वाढणाऱ्या गृहस्थांनीं आग्रह केला. "हिंग असतो ना, काका," असें ती हळूच म्हणाली. गृहस्थ हंसले, आणि हल्लींच्या फॅडांविषयीं कांहींसें पुटपुटत पुढच्या पानाकडे वळले.

एकाच पंगतींत शेजारीं शेजारीं बसलेल्या ह्या दोघींनीं गहूं टाळला, परंतु दोघींच्या टाळण्यांत जमीनअस्मानाचें अंतर होतें. पहिलीचा नेम हौसेचा. तो मोडला तर फार तर मनास चुटपुट लागावयाची. दुसरीचें पथ्य हेंच तिचें औषध, कारण दुसरें औषध तिच्या रोगावर अद्याप निघालेलें नाहीं. वाढणाऱ्या गृहस्थांना हा भेद कळला नाहीं ह्याचा दोष आम्ही त्यांस देत नाहीं. 'ग्लुटेन' हा शब्द गेल्या कांहीं वर्षांत दुकानांतील डब्यांवरून, जाहिरातींतून व नटनट्यांच्या मुलाखतींतून इतक्या वेळां कानांवर आला आहे कीं, हा सारा हौसेचाच प्रकार असावा अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु ह्या समजुतीनें ज्यांचें खरें नुकसान होतें, तीं बहुधा घरांतील किरकोळ प्रकृतीचीं मुलें आणि 'अशक्त' म्हणून बाजूस टाकलेल्या स्त्रिया असतात. म्हणून हा विषय आमच्या वाचकांपुढें कांहींशा विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

परातींतील चिवटपणा

प्रथम ग्लुटेन म्हणजे काय तें पाहूं. त्यास प्रयोगशाळा नको. स्वयंपाकघर पुरें आहे. मूठभर मैदा घट्ट भिजवून अर्धा तास ठेवावा, आणि मग तो गोळा पाण्याच्या बारीक धारेखालीं हलक्या हातानें चोळीत राहावें. पाणी दुधासारखें पांढरें होऊन वाहूं लागेल; तें पिष्ट, म्हणजे स्टार्च. पाणी नितळ येऊं लागलें म्हणजे हातांत रबरासारखा चिवट, ओढला असतां लांबणारा असा एक लहानसा गोळा उरेल. तेंच ग्लुटेन. इटलींतील बोलोन्या येथील पंडित याकोपो बेक्कारी यांनीं १७२८ सालीं अशाच रीतीनें पीठ धुऊन हा पदार्थ वेगळा करून दाखविला, आणि १७४५ सालीं त्यांचें तें संशोधन प्रसिद्ध झालें.

पोळी पातळ लाटतां येते, तिला पदर सुटतात, फुलका विस्तवावर टाकतांच टम्म फुगतो, पाव जाळीदार होतो, हा सारा ह्या चिवट प्रथिनाचा गुण होय. ज्वारींत तें नसतें. म्हणून तर ज्वारीच्या पिठास कढत पाणी घालावें लागतें, आणि भाकरी लाटतां न येतां थापावी लागते. भाकरी चिरते म्हणून ज्या सुनांनीं बोलणीं खाल्लीं असतील, त्यांच्या हातांपेक्षां ज्वारींतील ग्लुटेनच्या अभावाकडेच त्या दोषाचा मोठा वांटा जातो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

गव्हाखेरीज जव व राय ह्या धान्यांतहि ह्याच कुळांतील प्रथिनें असतात. राय हें युरोपांतील एक धान्य आहे. आपल्या फोडणींतील राईशीं, म्हणजे मोहरीशीं, त्याचा नांवापलीकडे कांहींएक संबंध नाहीं.

उपासमारीनें शिकविलेलें

हें प्रथिन कोट्यवधि लोकांस पचतें, आणि थोड्यांस मात्र विषासमान होतें, ही गोष्ट कळावयास फार काळ लागला. रोग स्वतः जुनाच आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियाचा ग्रीक वैद्य अ‍ॅरेटीअस यानें अन्न न पचतां वाहून जाणाऱ्या आणि रोग्यास झिजविणाऱ्या एका चिवट पोटविकाराचें वर्णन केलें होतें. पोटास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरूनच पुढें ह्या रोगास 'सीलिअ‍ॅक' हें नांव पडलें. १८८८ सालीं लंडनचे डॉ. सॅम्युएल गी यांनीं त्याचें आधुनिक वर्णन लिहिलें. एक ते पांच वर्षांचीं मुलें, फिकट व भरपूर होणारे ढाळ, फुगलेलें पोट आणि वाळलेले हातपाय, असें तें चित्र होतें. रोग बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेंच होईल, हेंहि त्यांनीं ओळखलें. परंतु आहारांतील नेमका कोणता पदार्थ अपराधी, हें मात्र त्यांस सांपडलें नाहीं. १९२४ सालीं अमेरिकेंतील डॉ. सिडनी हास यांनीं केळ्यांचा आहार सुचविला, आणि त्यानें पुष्कळ मुलें वांचलीं. श्रेय केळ्यांस मिळालें; वस्तुतः केळीं पानांत आल्यामुळें पाव पानांतून गेला होता, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं.

तें ध्यानीं आलें हॉलंडांतील एका बालरोगतज्ज्ञाच्या. विलेम कारेल डिके हे हेग शहरांतील ज्युलिआना बालरुग्णालयांत काम करीत. पाव बंद केला कीं माझें मूल सुधारतें, असें एका आईनें त्यांस १९३० नंतरच्या दशकांत सांगितलें होतें, अशी हकीकत आहे. मोठ्या डॉक्टरांनीं एका आईचें बोलणें कानाआड केलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पुढील संशोधनाइतकीच मोलाची वाटते. १९४१ सालीं त्यांनीं ह्या मुलांसाठीं गव्हाविना आहार सुचविणारा लेख लिहिला. पुढें १९४४-४५ चा हिंवाळा आला. जर्मन सैन्यानें पश्चिम हॉलंडची रसद तोडली, आणि लोक शर्कराबीट व ट्यूलिपचे कंदहि उकडून खाऊं लागले. सगळीं मुलें खंगत असतां सीलिअ‍ॅकचीं मुलें मात्र, पाव मिळेनासा झाल्यावर, सुधारलेलीं दिसलीं. आणि पुढें पाव परत आला तेव्हां तीं पुन्हां आजारी पडलीं. युद्धानंतर डिके यांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें मुलांच्या मळांतील चरबी मोजून तोच पडताळा पद्धतशीर घेतला, आणि १९५० सालीं उट्रेख्ट विद्यापीठास प्रबंध सादर केला. गहूं व राय बाधतात. तांदूळ व मका बाधत नाहींत. गव्हांतहि पिष्ट निरुपद्रवी असून दोष त्या चिवट भागाचा आहे, हें त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानें सिद्ध झालें.

भरल्या ताटावर उपाशी

मग पोटांत घडतें तरी काय? आपल्या लहान आंतड्याची आंतली बाजू मखमलीसारखी असते. तिच्यावर लक्षावधि सूक्ष्म रसांकुर उभे असतात, आणि अन्नरस शोषून रक्तांत पोंचविणें हें त्यांचें काम. ग्लुटेन हें प्रथिन कोणाच्याहि पोटांत पुरतें पचत नाहीं. त्याचे कांहीं तुकडे न मोडतां तसेच राहतात. बहुतेकांस त्यांचा उपद्रव होत नाहीं. परंतु ज्यांच्या ठायीं कांहीं विशिष्ट आनुवंशिक गुण असतात, त्यांच्यापैकीं थोड्यांच्या शरीराचे पहारेकरी ह्या तुकड्यांस शत्रू समजतात, आणि शत्रूवर चालून जातांना आपल्याच आंतड्याचें अस्तर उध्वस्त करतात. रसांकुर खुरटतात, झिजतात, आणि अखेर मखमल जिरलेल्या वस्त्रासारखी ती जागा सपाट होते. १९५० नंतरच्या दशकांत तोंडावाटें नळी घालून आंतड्याचा तुकडा तपासण्याची सोय झाली, तेव्हां हें प्रत्यक्ष दिसूं लागलें. १९९७ सालीं जर्मन संशोधकांनीं ह्या हल्ल्याचें नेमकें लक्ष्य असलेलें शरीरांतील द्रव्य, 'टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज', शोधून काढलें; आणि आजची रक्ताची तपासणी त्यावरच आधारलेली आहे.

लोह व कॅल्शियम हीं मुख्यतः लहान आंतड्याच्या आरंभींच्या भागांत शोषलीं जातात, आणि ह्या रोगाचा घाला प्रथम तेथेंच पडतो. ताट भरलेलें असतें, मूल जेवतेंहि, आणि तरीहि तें उपाशी राहतें. त्याची उंची खुंटते, रक्त वाढत नाहीं, हाडें ठिसूळ होतात.

ज्यांनीं गहूं सोडलाच पाहिजे

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ग्लुटेन सोडणें ज्यांस अवश्य आहे असे लोक थोडे आहेत, पण त्यांच्या बाबतींत सवलत नाहीं.

पहिला वर्ग अर्थातच सीलिअ‍ॅक रोग्यांचा. जगांत शंभरांत सुमारें एकास हा रोग असतो. हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी आपल्याकडे पुष्कळ वर्षें समजूत होती. ती चुकीची ठरली आहे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणींत गव्हावर राहणाऱ्या उत्तर भारतांत ह्या रोगाचें प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास, तर भातावर राहणाऱ्या दक्षिणेंत त्याच्या मानानें अत्यल्प आढळलें. आनुवंशिक गुण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. आपल्या महाराष्ट्रांत गेल्या दोन-तीन पिढ्यांत भाकरी मागें पडून पोळी व पाव पुढें आले आहेत, हें लक्षांत घेतां आपण ही गोष्ट परप्रांतीयांची म्हणून सोडून देऊं नये.

हा रोग ढाळांनींच प्रकट होतो असें नाहीं, आणि तो बालपणींच होतो असेंहि नाहीं. लोहाचीं औषधें महिनोन्महिने घेऊनहि ज्यांचें रक्त वाढत नाहीं. जीं मुलें आपल्या बरोबरीच्या मुलांपेक्षां खुजीं राहतात. ज्या मुलींस ऋतुप्राप्ति फार उशिरां होते. ज्या स्त्रियांचे गर्भ वारंवार निष्कारण पडतात. ज्यांच्या तोंडांत सारखे फोड येतात, किंवा ज्यांचीं हाडें अकालीं ठिसूळ होतात, अशांच्या बाबतींत इतर कारणांबरोबर ह्याहि रोगाचा विचार झाला पाहिजे. मधुमेहाचा जो प्रकार बहुधा लहानपणीं होतो व ज्यास आरंभापासून इन्शुलिन लागतें, तो असलेल्यांत, तसेंच कांहीं थायरॉइडच्या विकारांत, हा रोग अधिक आढळतो. रोग्याच्या आईबापांत, भावंडांत व मुलांत तो शंभरांत सुमारें सात-आठांस असतो. म्हणून एका मुलास रोग निघाला तर घरांतील बाकीच्यांनींहि रक्त तपासून घ्यावें.

दुसरा वर्ग त्वचेच्या एका विकाराचा. कोपर, गुडघे व बैठकीवर अत्यंत खाजणारे बारीक फोड पुन्हां पुन्हां उठतात. अमेरिकेंतील डॉ. ड्यूरिंग यांनीं १८८४ सालीं त्याचें वर्णन केलें. हा सीलिअ‍ॅकचाच त्वचेवरील अवतार असून त्यासहि हेंच आजन्म पथ्य लागतें. क्वचित् ग्लुटेनमुळें मेंदूच्या तोल सांवरणाऱ्या भागासहि इजा होते आणि चालतांना झोक जाऊं लागतो. अशा रोग्यांसहि हें पथ्य सांगतात.

तिसरा वर्ग गव्हाच्या अ‍ॅलर्जीचा. ही गोष्ट अगदींच निराळी. गहूं पोटांत जातांच थोड्या वेळांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. प्रसंग जिवावरचाहि असूं शकतो. ह्यांनीं गहूं टाळावयाचा. जवादि इतर धान्यें चालतात कीं नाहींत, तें डॉक्टरांनीं पाहून सांगावयाचें.

चौथा वर्ग संदिग्ध आहे. ह्या लोकांस वरील कोणताहि रोग नसतो, परंतु गहूं खाल्ला कीं पोट फुगतें, जड होतें. त्यांची तक्रार खोटी मानण्याचें कारण नाहीं. परंतु अपराधी ग्लुटेनच असेल असें मात्र नाहीं. २०१८ सालीं नॉर्वेंतील संशोधकांनीं अशा लोकांस, काय दिलें आहे तें न कळूं देतां, ग्लुटेन व फ्रुक्टन पाळीपाळीनें खावयास दिलें, तेव्हां त्रास फ्रुक्टननें अधिक झाला. फ्रुक्टन ही गव्हांत, कांद्यांत व लसणींत असणारी एक शर्करा आहे. अशांनीं वैद्यकीय सल्ल्यानें प्रमाण कमी करून पाहावें; त्यांस सीलिअ‍ॅक रोग्याइतकें कडक राहण्याचें कारण नाहीं.

आधीं परीक्षा, मग पथ्य

येथें एक गोष्ट आम्ही सर्वांत आग्रहानें सांगूं इच्छितों. संशय आला म्हणून कोणींहि आधीं गहूं सोडूं नये. रक्ताच्या तपासणींत जीं प्रतिद्रव्यें शोधतात तीं ग्लुटेन पोटांत जात असतांनाच तयार होतात. गहूं सोडला कीं तीं हळूंहळूं नाहींशीं होतात आणि आंतडेंहि भरून येऊं लागतें. मग तपासणींत कांहींच सांपडत नाहीं, आणि रोग होता कीं नव्हता हा घोळ जन्मभर राहतो. खरें काय तें जाणण्यासाठीं त्या रोग्यास पुन्हां कित्येक आठवडे गहूं खावा लागतो, आणि तो कोणास सोसेल, कोणास सोसणार नाहीं. म्हणून क्रम असा ठेवावा: नेहमींचें जेवण चालूं ठेवून प्रथम रक्ताची तपासणी, ती संशयास्पद आल्यास दुर्बिणीनें आंतड्याचा तुकडा काढून परीक्षा, आणि निदान ठाम झालें म्हणजे त्या दिवसापासून पथ्य. कांहीं मुलांत प्रतिद्रव्यांचें प्रमाण फारच मोठें आलें तर दुर्बिणीवांचूनहि निदान करतात. तो निर्णय तज्ज्ञांचा.

एका घरांतील हकीकत

पंगत उठल्यावर त्या मुलीच्या आईनें आम्हांस आपली हकीकत सांगितली. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत घरांत तिला 'काडी' म्हणत. पोट तेवढें पुढें आलेलें. जंताचीं औषधें झालीं, लोहाचीं झालीं, दृष्टहि काढून झाली. मुलीला अंगीं लागावें म्हणून सकाळीं गव्हाच्या सत्त्वाची खीर आणि संध्याकाळीं दुधांत जवाच्या माल्टचें पौष्टिक पेय व बिस्किटें. जें तिला बाधत होतें तेंच खुराक म्हणून प्रेमानें भरविलें जात होतें! अखेरीस एका तरुण डॉक्टरांनीं रक्त तपासावयास सांगितलें, आणि निदान झालें.

गहूं बंद झाला, मुलीची भूक परतली, रक्त चढूं लागलें. परंतु चार-पांच महिन्यांनीं पोटाची तक्रार पुन्हां सुरू झाली. सगळें जिन्नस तपासले, दोष सांपडेना. तो सांपडला आजींना. त्या स्वतः दळण घेऊन गिरणींत गेल्या, आणि पाहतात तों गव्हाचें दळण उतरल्याबरोबर त्याच जात्यांत त्यांची ज्वारी ओतली जात होती. उपासाच्या दळणास आपण जशी गिरणी धुऊन-पुसून मागतों, तशी रोजच्या भाकरीस मागण्याची कोणासच आठवण झाली नव्हती. त्या दिवसापासून घरांत लहानशी घरघंटी आली, आणि तींत गहूं घालावयाचा नाहीं असा नियम झाला.

ह्या पथ्यांत खरें अवघड आहे तें हेंच. पोळी सोडणें सोपें. पोळीचा कण टाळणें कठीण. एका पोळींत अंदाजें दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतें. आणि रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीच्या चाळीस-पन्नासाव्या भागाइतकें, पोटांत जात राहिलें तरी आंतड्यास इजा होऊं शकते, असें प्रयोगांत आढळलें आहे. 'एक घास खाल्ल्यानें काय होणार?' ह्या मायेच्या प्रश्नाचें उत्तर त्यांत आहे.

म्हणून अशा घरांत पोळपाट, लाटणें, परात, चाळणी व तवा वेगळे ठेवावे. लांकडी पोळपाटाच्या भेगांतील कणीक धुऊनहि जात नाहीं. ज्या तेलांत शंकरपाळे तळले त्यांत त्या मुलाची चकली तळूं नये. रवा, मैदा, लापशी, शेवया, गव्हाच्या कुरडया व सातूचें पीठ हीं उघडच वर्ज्य. न दिसणारीं ठिकाणें ह्यांहून अधिक आहेत. बाजारच्या पुष्कळ हिंगांत गव्हाचें पीठ मिसळलेलें असतें; थालीपिठाच्या भाजणींत व मेतकुटांत बहुधा मूठभर गहूं भाजून घालतात; विकतच्या चटण्या, मसाले व सॉस ह्यांतहि तो दडलेला असतो. खपली गहूं जुन्या वाणाचा, म्हणून तो चालेल, असें कोणी सांगतात. तें साफ चूक. खपलींतहि ग्लुटेन असतें. ओट बहुतेक रोग्यांस चालतात, परंतु बाजारच्या ओटांत गहूं वा जव मिसळलेला असण्याचा संभव मोठा. तेव्हां डॉक्टरांस विचारल्यावांचून ते घेऊं नयेत. तयार जिन्नसावर 'ग्लुटेनमुक्त' असा शब्द पाहावा. किलोस २० मिलिग्रॅमांहून अधिक ग्लुटेन नसेल तरच तसें लिहितां येतें, असा नियम आपल्या देशांतहि आहे.

आमच्या जुन्या घरांत सोंवळ्याची एक शिस्त होती. तिच्यांत माणसामाणसांचा विटाळ मानला जाई, तो भाग गेला हें योग्यच झालें. परंतु हें भांडें ह्या कामाचें, हा हात त्या पिठास लागलेला, हें फडकें वेगळें, असें सदैव भान ठेवण्याची जी सवय आमच्या आज्यांच्या हाडींमांसीं खिळली होती, तिचा ह्या पथ्यास मोठाच उपयोग होतो. त्या घरांतील आजींना डॉक्टरांचें सांगणें एका वाक्यांत समजलें, तें ह्याचमुळें.

आणि खावयास काय, ही चिंता तर आपल्याकडे नसावीच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा व साऱ्या डाळी ह्यांत ग्लुटेन मुळींच नाहीं. भाकरी, घावन, आंबोळी, धिरडीं, पोहे, उकडीचे मोदक, अनारसे हें सारें ह्या मुलांच्या पानांत वाढतां येतें. उपासाचें फराळहि बहुतेक सगळें चालतें. ज्या मुलास हाडांसाठीं कॅल्शियम हवें, त्याला नाचणीसारखें धान्य नाहीं. १०० ग्रॅम नाचणींत तें ३४० मिलिग्रॅमांच्या वर असतें, तर गव्हांत ४० च्या आसपास. पाश्चात्य देशांतील रोग्यांस महागड्या निराळ्या पावावर अवलंबावें लागतें. आमच्या रोग्यास पणजीच्या ताटाकडे परतलें तरी पुरें. पीठ तेवढें निर्भेळ असलें पाहिजे.

त्या आईनें सांगितलेली आणखी एक गोष्ट आमच्या मनांत राहिली आहे. निदान झालें त्या वर्षीं घरच्या सत्यनारायणास नेहमींप्रमाणें रव्याचा शिरा झाला. प्रसादास नाहीं म्हणूं नये, म्हणून मुलीनें नुसतें हातांत घेतलें आणि दाराआड जाऊन रडली. आजींनीं तें पाहिलें. पुढल्या वर्षीं घरघंटींत तांदळाचा रवा काढून त्याचाच शिरा त्यांनीं साऱ्या गांवासाठीं केला. मुलीला वेगळी वाटी दिली नाहीं. सगळ्यांचाच प्रसाद तिच्या पथ्याचा केला. घराच्या चौकटीवर तिच्या उंचीच्या ज्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्यांपैकीं पहिल्या तीन वर्षांच्या जवळजवळ एकमेकींस चिकटलेल्या असून त्यानंतरच्या ठळक अंतरानें वर वर गेल्या आहेत, हें आईनें बोट ठेवून दाखविलें.

ज्यांनीं गहूं सोडूं नये

आतां आमच्या उजव्या हातच्या बाईंविषयीं दोन शब्द. निरोगी माणसानें ग्लुटेन सोडल्यानें कांहीं विशेष लाभ होतो असें दिसून आलेलें नाहीं. अमेरिकेंतील एक लाखाहून अधिक लोकांचीं अनेक वर्षांचीं टिपणें तपासून २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, ग्लुटेन कमी खाणाऱ्यांस हृदयविकार कमी होतो असें आढळलें नाहीं. उलट त्या नादानें कोंड्यासकट धान्य खाणें कमी झाल्यास तोटा होण्याचा संभव तेवढा सांगितला गेला. कांहींचें वजन उतरतें, तें बिस्किटें, पाव व मिठाई सुटल्यामुळें. ती सोडण्यास ग्लुटेनच्या नांवाची गरज नाहीं. विकतचे 'ग्लुटेनमुक्त' पदार्थ महाग असतातच, आणि चव साधण्यासाठीं त्यांत साखर व चरबी पुष्कळदां अधिक घातलेली असते. पोळीऐवजीं भाकरी खावी असें कोणास वाटलें तर अवश्य खावी. ती उत्तमच आहे. परंतु त्यास रोगपथ्याचें नांव देऊं नये.

कारण ह्या नांवाचा उपयोग सैलपणानें होऊं लागला, कीं वाढणारे तें सैलपणानें ऐकूं लागतात. एक बाई गुलाबजाम घेते म्हटल्यावर दुसऱ्या मुलीचा आमटीस नकार हा हट्ट वाटूं लागतो. आमच्या वाचकभगिनींस आमची एवढीच विनंती आहे कीं, घरांत एखादें मूल खातें पण अंगीं लागत नाहीं, एखादी सून वा लेक वर्षानुवर्षें फिकटच राहते, असें दिसल्यास 'प्रकृतीच तशी' म्हणून स्वस्थ बसूं नये. एकदां रक्ताची परीक्षा करून घ्यावी. आणि आपल्या पंगतीस कोणी स्वतःचा डबा घेऊन आलें, तर त्यास आग्रह न करितां त्याचें पान सर्वांबरोबर मांडावें. तेवढ्यानें यजमानाच्या आतिथ्यास कांहीं उणेपणा येत नाहीं.